बेडकीची मागची चाकं

दाजींनी घाटात गाडी गरकन फिरवली, ही बातमी मेस्त्रीला दाजींकडून कळली नाही. ती आणली दुधाच्या टँकरवाल्याने. तो ब्रेकचं तेल बदलून घ्यायला आला होता. हात पुसत पुसत, हवापाण्याबद्दल बोलावं तसं म्हणाला, "तुमची ती बेडकी परवा सातव्या वळणावर कठड्याला पाठ लावून उभी होती. उतरत होती म्हणावं, तर तोंड चढाकडे. आत तुमचे दाजी. मी विचारलं, काही लागलं का? तर म्हणाले, छे, जरा देखावा बघतोय."

टँकरवाला हसला. मेस्त्रीला हसू आलं नाही. सातव्या वळणावर कठड्यापलीकडे काय आहे ते त्याला माहीत होतं. काहीच नाही.

दाजी म्हणजे मेस्त्रीच्या थोरल्या बहिणीचा नवरा. आयुष्यभर सरकारी खात्यात रस्ते आखले. डोंगरावर दोरी आणि खुंट्या घेऊन फिरायचं, वळण किती मोठं, बाहेरची कड किती उचलायची, हे ठरवायचं. तो घाटसुद्धा त्यांनीच आखलेला. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण रस्त्यावर खड्डा दिसला की अजून स्वतःचा दात किडल्यासारखं तोंड करायचे.

आणि बेडकी म्हणजे त्यांची गाडी. दोन माणसांची, बुटकी, शेवाळी हिरवी स्पोर्ट्स कार. पुढचे दोन गोल दिवे डोळे वटारल्यासारखे बाहेर आलेले. एका बंद गिरणीच्या शेडमध्ये ती उंदरांचं बाळंतपण करत पडली होती, तिथून या दोघांनी ती ओढत आणली आणि चार वर्षांचे सगळे रविवार घालून उभी केली. ताई तेव्हा म्हणायची, "ह्यांना माझं दुखणं विचारलं तर आठवायला लागतं. बेडकीचे गुडघे मात्र तोंडपाठ."

बेडकीला एक खोड होती. तिचं इंजिन मागे, म्हणून ती मागून जड. सरळ रस्त्यावर गुणाची, पण वळणात भरधाव शिरलात आणि घाबरून ॲक्सिलरेटरवरचा पाय उचललात, की वजन पुढे झुकायचं, मागची चाकं हलकी व्हायची आणि शेपूट पुढे यायला धावायचं. मेस्त्रीने अगदी सुरुवातीला सुचवलं होतं, मागे रुंद चाकं टाकू, पकड वाढेल. दाजींनी उडवून लावलं होतं. "टायरच्या जिवावर वळण घेतो तो ड्रायव्हर कसला? वळणात पाय उचलायचा नाही, एवढंच तर लक्षात ठेवायचंय." आणि वीस वर्षांत त्यांनी तो उचलला नव्हता.

म्हणून टँकरवाला गेल्यावर मेस्त्री बराच वेळ तसाच बसून राहिला. दाजींनी वळणात पाय उचलला, हे त्याच्या गळी उतरेना. मग त्याला दाजींचा उजवा हात आठवला.

आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं होतं. घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे. ताई म्हणायची "ते". "त्याच्या गोळ्या घेतल्या का?" "त्याने आज झोप नाही लागली." जसा काही घरात नकोसा पाहुणा येऊन राहिला होता आणि त्याचं नाव घेतलं तर तो कायमचा राहील. डॉक्टरांनी गाडी चालवायला लगेच मनाई केली नव्हती. सहा महिन्यांनी पुन्हा पाहू, म्हणाले होते. ते सहा महिने उलटून गेले होते आणि दाजी काही पुन्हा गेले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दाजी स्वतःच गॅरेजवर आले. मागचा बंपर चेपलेला. उजवा हात खिशात, डाव्या हातात कागदाची गुंडाळी.

"मेस्त्री, मागे रुंद चाकं टाकायची," ते म्हणाले. ना रामराम, ना ख्यालीखुशाली.

"काय झालं एकदम?"

"टायर कडक झालेत. मागचा भाग सुटला परवा. जरासा."

"जरासा?"

"टँकरवाला आला होता वाटतं." दाजी स्टुलावर बसले. "हे बघ, मी काही लपवत नाही. सुटली गाडी. पण आता त्याला उपाय आहे ना? मी सगळं काढून आणलंय." त्यांनी गुंडाळी उलगडली. आताचं रिम सहा इंची, नवं आठ. टायर एकशे पंच्याऐंशीवरून दोनशे पंचवीस. चाक किती आत जाईल, किती बाहेर येईल, याचा नीट आराखडा. रेघा मात्र जिथे पट्टी धरून मारल्या होत्या तिथेच सरळ होत्या.

'गाडी सुटली की पाय सुटला?' हा प्रश्न मेस्त्रीच्या जिभेवर आला होता. तो त्याने गिळला.

"दोन इंच कुठे मावणार दाजी? आत शॉकॲब्सॉर्बर आहे."

"आत आठ मिलिमीटर. बाकी बाहेर. मडगार्डची आतली कड दुमडावी लागेल." दाजींचे डोळे चमकले. "करशील ना?"

"करतो," मेस्त्री म्हणाला.

संध्याकाळी उजेड होता तोवरच ताई आली. ती गॅरेजवर सहसा यायची नाही. तेलाचा वास तिला चढायचा. पदराने नाक धरून ती सरळ बेडकीपाशी जाऊन उभी राहिली.

"तू हो म्हणालास म्हणे."

"म्हणालो."

"मग एक काम माझंही कर. हिला बिघडव."

मेस्त्रीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"काय बघतोस? एखादी वायर तोड. काहीतरी आतलं काढून ठेव. सांग, पार्ट मिळत नाही, परदेशातून मागवावा लागेल, सहा महिने लागतील. सगळ्या दुनियेला तेच तर सांगता तुम्ही लोक!"

तो हसला. ती हसली नाही, तेव्हा त्याने हसू आवरलं.

"ताई, दाजींना खोटं कसं सांगू? त्या गाडीतला एकेक नट आम्ही दोघांनी—"

"मला सांगतोस तेव्हा कसं जमतं? 'उद्या येतो ताई' म्हणतोस आणि आठ आठ दिवस फिरकत नाहीस." मग तिचा आवाज खाली आला. "परवा ते घरी आले, बूट काढायला बसले आणि अर्धा तास तसेच बसले. मी विचारलं तर म्हणाले, टायर गेलेत. मला गाडीतलं काही कळत नाही रे. पण बटण लावायला ज्यांना आता दहा मिनिटं लागतात, त्यांचे टायर गेलेत हे मला पटत नाही."

"मी त्यांच्याशी बोलतो."

"बोलू नकोस. बोललास तर ते मोडतील. गाडी मोड. गाडी मोडली तर ते तिला चार शिव्या देतील, तुला चार देतील, महिनाभर धुसफुसतील, आणि हळूहळू विसरतील. मी ओळखते त्यांना."

मेस्त्रीने हातातल्या चिंधीची चार वेळा घडी केली. "ताई, बिघडवणं माझ्याच्याने होणार नाही. मी चाकं नीट बसवतो. मग मोकळ्या मैदानात मी शेजारी बसून त्यांची परीक्षा घेतो. जमलं तर जमलं. नाही जमलं तर त्यांचं त्यांना कळेल."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. लहानपणी तो पतंग काढायला विजेच्या खांबावर चढायला निघाला होता तेव्हा ती अशीच बघत होती.

"तुझं खरं असतं नेहमी," ती म्हणाली आणि गेली.

चाकं यायला आठवडा गेला. बसवायला पाच दिवस. असलं काम घाईचं नसतं. मेस्त्रीने गाडी स्टँडवर घेतली, जुनी चाकं उतरवली आणि आतली जागा बोटाबोटाने मोजली. नवं चाक नुसतं लावून पाहिलं, आत चिकणमातीचे गोळे थापले, वाळूची पोती ठेवून गाडी दाबली, पुन्हा चाक काढून मातीवर कुठे ठसा उठला ते बघितलं. उजवीकडे निभावलं. डावीकडे सायलेन्सरच्या पट्टीचा एक बोल्ट टायरला केसाएवढा घासत होता. तो कापून घासून बसवला. मग मडगार्डची कड. रंग तडकू नये म्हणून गरम हवेने पत्रा हळूहळू तापवायचा आणि लाकडी रूळ फिरवत ती कड आत वळवायची, आज थोडी, उद्या थोडी. घाई केली की पत्रा पोट काढतो.

दाजी रोज दहाच्या ठोक्याला यायचे आणि स्टुलावर बसायचे. पहिल्या दिवशी त्यांनी कॅलिपर मागितला. तो त्यांचा मानाचा पाट होता. माप नेहमी तेच घ्यायचे. कॅलिपरचा जबडा रिमच्या कडेला लागला आणि टिक टिक टिक वाजायला लागला. दाजींनी दुसऱ्या हाताने मनगट धरलं. टिक टिक थांबेना. मेस्त्री उठला आणि काही कारण नसताना त्याने हवेचा कॉम्प्रेसर चालू केला. त्या धडधडाटात दोघांनी ते माप घेतलं. पाचही दिवस तो कॉम्प्रेसर चालू राहिला.

"पुढचेही टायर त्याच जातीचे टाकलेत," मेस्त्री ओरडून सांगायचा. "नाहीतर पुढे एक, मागे एक. नवरा-बायकोचं भांडण!"

"पण आता मागे पकड जास्त, पुढे कमी," दाजीही ओरडून. "नाक बाहेर जायला बघणार!"

"जाईल थोडं. वळणात शिरतानाच वेग कमी ठेवायचा. हवा पुढे अठ्ठावीस, मागे बत्तीस. नंतर बघू."

या पाच दिवसांत दाजी इतके आनंदात होते, की मेस्त्रीला दोनदा वाटलं, आपल्या मनातलं सगळं पाप आहे. टायरच होते. जुने टायर दगड होतातच की. आणि हे वाटलं, की तो जास्तच मन लावून काम करायचा.

गाडी खाली उतरवली तेव्हा दाजी मागे जाऊन उभे राहिले. बुटकी बेडकी मागून रुंद, भरलेली दिसत होती.

"बाळंतपण मानवलंय हिला," दाजी म्हणाले, आणि दोघं खो खो हसले.

रविवारी सकाळी ते बंद पडलेल्या सिमेंट कारखान्याच्या आवारात गेले. पूर्वी तिथे ट्रक भरायचे. आता नुसतं सपाट, लांबरुंद काँक्रीट पसरलेलं. रखवालदार मेस्त्रीच्या ओळखीचा होता. दाजींनी घरून दोरी, खुंटी आणि चुन्याची पिशवी आणली होती. खुंटी मेस्त्रीने काँक्रीटच्या भेगेत ठोकली आणि दाजी दोरी ताणून चुना सोडत चालू लागले. पावलं लहान पडत होती, चुना मध्येच ढीग करून सांडत होता. पण दोरी ताणलेली होती आणि वर्तुळ वर्तुळासारखं आलं.

आधी मेस्त्रीने चालवून पाहिली. मग दोघांनी जागा बदलल्या.

दाजी स्टीअरिंगमागे बसले आणि त्यांचे खांदे उतरले. नेहमी असंच व्हायचं. चाक हातात आलं की त्यांच्या हाताचा थरथराट निम्मा व्हायचा. त्यांनी वर्तुळाला गाडी लावली. तीस, चाळीस, पन्नास. चुन्याची रेघ खिडकीखालून पळत होती. गाडी एका बाजूला कलली आणि तशीच ठाम राहिली.

"आता बघ," दाजी म्हणाले आणि ऐन वळणात त्यांनी मुद्दाम पाय उचलला.

मेस्त्रीने दाराचं हँडल घट्ट धरलं. वीस वर्षं ज्याची धास्ती घेतली होती ते घडलं नाही. बेडकीने नाक किंचित आत घेतलं, मागची चाकं जमिनीला चिकटून राहिली, आणि ती शहाण्यासारखी रेघेवर आली.

"बघितलंस?" दाजी ओरडले. "बघितलंस का? पुन्हा!" पुन्हा उचलला. पुन्हा तसंच. ते चार वेळा फिरले, उजवीकडून, मग डावीकडून. शेवटी गाडी थांबवली तेव्हा दाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "मी तुझ्या ताईला सांगत होतो. सांगत होतो तिला. ती म्हणते, तुमचाच पाय... बायकांना टायर काय कळणार!"

मेस्त्रीलाही हसायला आलं. त्या क्षणी घरी गेले असते तरी चाललं असतं. पुढे कितीतरी वेळा त्याच्या मनात हेच येणार होतं. पण त्याने ताईला शब्द दिला होता, आणि अर्धवट काम सोडायची त्याला सवय नव्हती.

"एक राहिलंय," तो म्हणाला. "थांबण्याचं."

त्याने ग्रीसचे रिकामे डबे दूरवर ओळीने मांडले. दाजींनी सरळ यायचं, चाळीसच्या वेगाने. तो शेजारी बसून हात खाली टाकेल तेव्हा ब्रेक मारायचा. डब्यांपर्यंत भरपूर अंतर. एखादं जनावर आडवं आलं तर, एवढंच.

पहिल्या खेपेला डबे उडाले.

"माझं लक्ष नव्हतं," दाजी म्हणाले. "वर्तुळाच्याच आनंदात होतो."

मेस्त्रीने डबे पुन्हा मांडले. दुसऱ्या खेपेला त्याने हात जरा लवकर टाकला. डबे उडाले, एक गाडीखाली अडकून खडखडत आला.

"ब्रेक तपासलेस का?"

"कालच तपासले दाजी."

"पुन्हा घेऊ."

तिसऱ्या खेपेला मेस्त्रीने रस्त्याकडे बघितलंच नाही. हात टाकला आणि खाली बघितलं. दाजींचा उजवा बूट ॲक्सिलरेटरवर होता. तो तिथेच राहिला. काहीच झालं नाही त्याला. जसा काही तो बूट दुसऱ्या कुणाचा होता आणि त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं. मग एकदम, हिसका बसल्यासारखा तो उडाला, ब्रेकच्या कडेला आपटला आणि दाबला गेला. डबे केव्हाच मागे गेले होते.

गाडी थांबली. इंजिन बंद पडलं. दाजीही खालीच बघत होते.

रखवालदार लांबून डबे गोळा करायला निघाला होता, मेस्त्रीने त्याला हाताने थांबवलं.

"मी सांगितलं त्याला," दाजी हळूच म्हणाले. "उचल म्हणालो. त्याने ऐकलं नाही." मग थोड्या वेळाने, "आणि शेवटी उडाला तो. तसाच. तसाच उडाला होता त्या दिवशी. सातव्या वळणावर."

"दाजी..."

"टायर नव्हते रे."

मेस्त्रीने आपल्या बाजूची काच खाली केली.

"तुला माहीत होतं?"

आता गिळण्यात अर्थ नव्हता. "शंका होती."

"पहिल्या दिवसापासून?"

"टँकरवाल्याने सांगितलं तेव्हापासून."

"मग चाकं का बसवलीस?"

"तुम्ही म्हणालात म्हणून."

दाजींनी मान वळवली आणि मेस्त्रीकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. "पाच दिवस मी तुझ्या स्टुलावर बसून बडबडत होतो," ते म्हणाले. "लहान मुलासारखा. आणि तू ऐकत होतास."

ते दार उघडून उतरले. गाडीला धरून पलीकडच्या बाजूला आले. तेवढ्या चार पावलांना किती वेळ लागला ते सांगता येत नाही. मेस्त्री मदतीला उठला नाही, कारण उठण्याची आपली लायकी उरली नाही असं त्याला वाटलं. मग तो सरकून स्टीअरिंगमागे बसला आणि दाजी त्याच्या जागेवर. घरी येईपर्यंत बेडकी एकाही वळणावर हलली नाही. इतकी सुंदर ती आधी कधीच चालली नव्हती.

त्यानंतर दाजी गॅरेजवर आले नाहीत. दर दोन दिवसांनी मेस्त्रीच त्यांच्याकडे जायचा. दाजी खिडकीपाशी खुर्चीत असायचे. "ये, बस" म्हणायचे. चहा घ्यायचे. पेपरातली बातमी काढली तर हो-नाही करायचे. बेडकी खाली शेडमध्ये कापडाखाली उभी होती. तिचा विषय निघाला की डोळे मिटून घ्यायचे. दुखणंही तेवढ्यात झपाट्याने वाढलं. डॉक्टर म्हणाले, याचा त्या रविवारशी संबंध नाही, वाढायचं तसंच वाढलंय. मेस्त्रीला ते पटायचं आणि पटायचं नाही.

एकदा ताई त्याला जिन्यापर्यंत सोडायला आली.

"काल काचेचा पेला पडला हातातून," ती म्हणाली. "पूर्वी पडला असता तर म्हणाले असते, किती गुळगुळीत पेले आणतेस. काल म्हणाले, माझीच लायकी नाही. भाजी सांडली तरी तेच. दाराशी पाय अडला तरी तेच. सगळं स्वतःवर." तिने कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. "तू गाडी बिघडवली असतीस ना, तर त्यांनी गाडीला शिव्या दिल्या असत्या. आता कुणाला देणार? तू गाडीत दोषच ठेवला नाहीस."

तिने हे रागाने म्हटलं नाही. कपडे वाळले की नाही ते सांगावं तसं म्हटलं. मेस्त्री जिना उतरून खाली आला आणि आपली सायकल आपण कुठे लावली होती ते त्याला आठवेना.

पुढच्या थंडीत दाजींनी स्वतःहून सांगितलं, बेडकी विकायची. कुणालाही नाही, चालवणाऱ्याला. मेस्त्रीने चार जणांना निरोप पाठवले. तिघं येऊन गेले. एकाने दाराला टिचकी मारून पाहिली, दुसऱ्याने गाणी ऐकायची सोय आहे का विचारलं, तिसऱ्याला ती लग्नात नवरदेवासाठी हवी होती. दाजींनी तिघांनाही चहा पाजून वाटेला लावलं.

चौथी आली ती जनावरांची डॉक्टर. चाळिशीची, उंच, हातावर कुठल्याशा घोड्याने चावल्याचा व्रण. ती गाडीखाली पाठीवर झोपून सरकली आणि पाच मिनिटं बाहेर आली नाही. दाजींनी खुर्ची शेडमध्ये आणायला लावली.

"वळणात पाय उचलता का?" ती बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं. आवाज आता फार बारीक झाला होता. तिला वाकून ऐकावं लागलं.

"एकदा उचलला होता," ती केसातली धूळ झटकत म्हणाली. "उसात गेले. परत नाही उचलला."

दाजींच्या चेहऱ्यावर आताशा काही उमटत नसे. आजाराने चेहराही बांधून टाकला होता. पण मेस्त्रीला त्यांची मान किंचित हललेली दिसली.

"मागची चाकं रुंद का आहेत?" तिने विचारलं.

मेस्त्रीने तोंड उघडलं, पण दाजींनी बोट वर केलं. "मागचा भाग सुटायचा," ते म्हणाले. एकेक शब्द वेगळा ठेवून. "ह्याने बसवली. आता सुटत नाही. काम चांगलं केलंय त्याने." थांबून त्यांनी श्वास घेतला. "नाक जरा बाहेर जातं. आत शिरतानाच सांभाळायचं. मी लिहून देतो."

ताईने वही आणून मांडीवर ठेवली. दाजींनी लिहायला घेतलं. हवा पुढे किती, मागे किती, पावसात किती कमी वेग, थंड इंजिन कसं चालू करायचं, सगळं. बाकी तिघं उभे राहिले. कुणी घाई केली नाही. कागद भरायला वीस मिनिटं लागली असतील. त्यांनी तो फाडून डॉक्टरीणबाईंच्या हातात दिला.

तिने कागदाकडे बघितलं. मग मेस्त्रीकडे. मेस्त्रीला तिच्या हातातला कागद दिसत होता. पहिली ओळ मुंगीएवढी होती, दुसरी तिच्याहून लहान, आणि त्याखाली नुसता पेनाचा थरथरता दोरा कागदभर गेलेला होता.

"छान झालं," ती म्हणाली. "हे गाडीतच ठेवते." तिने कागदाची नीट घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. मग खुर्चीपाशी वाकून दाजींचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तो थरथरत असताना तसाच धरून ठेवला.

फाटकाबाहेर मेस्त्रीने तिला सगळं तोंडी सांगितलं. पुढे अठ्ठावीस, मागे बत्तीस. तिने ते मनगटावर लिहून घेतलं. काही विचारलं नाही. बेडकी पहिल्या वळणाला गेली ती हलकेच, नाक सांभाळत, जशी जायला हवी तशी.

मेस्त्री शेडमध्ये परत आला तेव्हा ताई दाजींच्या खांद्यावर शाल सारखी करत होती. शेडमधली जमीन गाडीच्या आकाराची स्वच्छ होती, बाकी सगळीकडे धूळ.

"तिला वाचता आलं का रे?" दाजींनी विचारलं.

ताईचा हात शालीवर थांबला.

"आलं की," मेस्त्री म्हणाला. "फाटकात उभी राहून सगळं वाचून दाखवलं मला. म्हणाली, अक्षर काय सुरेख आहे."

दाजींनी डोळे मिटले. ताईने मेस्त्रीकडे बघितलं नाही. तिने खुर्चीचा एक हात धरला, त्याने दुसरा धरला, आणि दोघांनी मिळून दाजींना उठवायला सुरुवात केली.